आत्याबाई डोक्यावर उभी आहे

४ मार्च

ठिणगे,

हे पत्र फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. काम अर्धवट टाकून उठून जायची तुझी सवय मला चांगली ठाऊक आहे.

आत्याबाई सापडली.

माझी सख्खी आत्या नव्हे. ती कधीच गेली, आणि जाईपर्यंत विचारत होती, "ती तुझी ठिणगी हल्ली येत नाही का गं?" मी आपल्या आत्याबाईबद्दल बोलतेय. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा माझा तिकोनी खांब, त्याला तीन लाल लाकडी गोळे, तुझा भोकाभोकांचा पिवळा पत्र्याचा शंकू, आणि मधे कमरेच्या कड्याला लावलेली वाकडी नळी, कमरेवर हात ठेवल्यासारखी. आत्या तिच्या मागच्या खोलीच्या दारात अशीच येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "हे दिवे आहेत की पोरखेळ?" त्या खोलीला आपण कारखाना म्हणायचो. दोन टेबलं, एक पाना आणि तुझी डाग द्यायची कैया, एवढा आपला कारखाना.

गेल्या आठवड्यात लेकीनं मला एक फोटो पाठवला. ती बसची वाट बघत होती आणि समोरच्या भिंतीवर ही एवढी मोठी जाहिरात. संग्रहालयात प्रदर्शन भरतंय, ऐंशीच्या दशकातल्या दिव्यांचं. तेव्हा ज्याला लोक सर्कशीतलं सामान म्हणत होते ना, तेच दिवे आता काचेच्या पेटीत बसतात. जाहिरातीवर सगळ्यांत मोठी कोण, तर आपली आत्याबाई. लेक विचारते, "आई, हीच का ती, जिच्यावरून तू..." पुढचं तिनं लिहिलं नाही. शहाणी आहे, माझ्यावर गेलेली नाही.

आणि ठिणगे, ती अजून डोक्यावरच उभी आहे. तुझा शंकू खाली टेकलेला आणि माझे तीन पाय वर आभाळाकडे.

माझ्या डोक्यात सणक गेली. चपला पायात सरकवल्या आणि थेट संग्रहालय गाठलं. तिथे एक चष्मेवाली मुलगी भेटली, प्रदर्शन तिच्याच हातात आहे. मी म्हटलं, "तुमचा दिवा उलटा आहे, आणि त्याच्याखाली तो विकणाऱ्या शोरूमचं नाव लिहिलंय ते खोटं आहे. तो आम्ही दोघींनी केलाय." असल्या म्हाताऱ्या रोज येत असाव्यात, कारण तिनं आधी मला पाणी दिलं. मग मी तिला सांगितलं, खांबाच्या आत बॅटरी मारून बघ, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा लावलाय, त्यावर कोंबडा आहे. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा खुर्ची घेऊनच आली.

मग मी तिला आपली पद्धत समजावली. कडं आणि त्यातला बल्ब सगळ्या दिव्यांना सारखा. एकीनं आपल्या घरी पाय करायचे, दुसरीनं आपल्या घरी डोकं, आणि जोडायच्या दिवसापर्यंत एकमेकींना काही दाखवायचं नाही. पुढच्या दिव्याला पाळी बदलायची. ती म्हणाली, "काकू, पण असं केल्यावर दिवा जमायचा कसा?" मी म्हटलं, "नाही जमायचा. म्हणूनच तो बघण्यासारखा व्हायचा."

तिचं म्हणणं असं. आपली दोघींची नावं पाटीवर लागतील, ती लावेलच. पण दिवा उलटा की सुलटा हे एकीच्या सांगण्यावरून बदलता येणार नाही. कारागीर दोघी, तर शब्दही दोघींचा हवा. प्रदर्शन मेच्या सुरुवातीला उघडतंय.

तेव्हा मला तुझ्याकडून एकच ओळ हवी आहे: दिवा उलटा आहे. बाकी काही मागत नाही. जुनं उकरायचं नाही मला. पत्ता कुठून मिळवला ते विचारू नकोस.

पाचर

ता.क. अजून डाग देतेस का कुठे? माझे हात करवतीवर अजून चालतात, डोळे साथ देत नाहीत.


२७ मार्च

ठिणगे,

पत्र पोचल्याची पावती आली. सही तुझीच आहे, खाली ते उंदराचं शेपूट काढलेलं. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलीस. बस. तेव्हाही गप्पच बसली होतीस.

तेव्हाचं मला सगळं आठवतं. मी बाळंतिणीच्या खाटेवर, कुशीत लेक, आणि कुणीतरी आणून दिलेलं मासिक. त्यात फोटो. जोडायच्या दिवशी मला कळा सुरू झाल्या म्हणून तू एकटीनं दिवा जोडलास, शोरूमला दिलास, आणि तो उलटा. त्या आधी किती दिवस मी पोटावर टेकवून ते गोळे घासले होते. तू डबा घेऊन आलीस तेव्हा मी म्हटलं, "मी आडवी झालेली बघून माझे पाय वर केलेस काय?" तू डबा खिडकीत ठेवलास आणि गेलीस. मला वाटलं, हिला बोलायला तोंड नाही. मग कळलं की तू नोकरी धरून देशच सोडलास.

असो. कामाचं बोलते.

आत्याबाई संग्रहालयाची नाहीये. तिचा मालक एक कोटवाला आहे. उकडत असलं तरी कोट. त्याच्या घरी म्हणे असे दिवे खच्चून भरलेत, त्यातले बरेच त्यानं लोकांच्या अडगळीतून स्वतः उचलून आणलेत. आत्याबाई सुलटी करायचं नाव काढलं की त्याचा चेहरा पडतो. तो मला सांगत होता, या दिव्यावर पुस्तकात पानंच्या पानं लिहिलीत. हा दिवा आपला उजेड पायाखाली घालतो, त्या काळाची थट्टा करतो, वगैरे. मी म्हटलं, "थट्टा कसली, तो उलटा आहे." तो म्हणाला, "काकू, तुमचं खरंही असेल. पण मी याला असाच पाहिला आणि असाच याच्यावर जीव जडला." मग खिशातून मऊ फडकं काढून त्यानं नळी पुसली. त्या माणसाचा राग यायला हवा होता, आला नाही, त्याचाच मला राग आला.

मग चष्मेवालीनं दिवा घोंगडीवर आडवा घेतला. हातमोजे घालून. मी विजयी मुद्रेनं म्हटलं, "माझ्या गोळ्यांखाली बघा." तिन्ही गोळ्यांना हिरवं फेल्टचं कापड. जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात तेच. मी म्हटलं, "आता बोला. डोक्याला कुणी फेल्ट लावतं का?"

कोटवाल्यानं शंकूकडे बोट केलं. तुझ्या शंकूच्या कडेला गोल फिरून तेच हिरवं फेल्ट, तुझ्या पद्धतीनं बारीक काप देऊन चिकटवलेलं.

माझा पचका झाला, ठिणगे. सगळ्यांसमोर.

घरी येऊन मी त्याच्यावर डोकं फोडतेय. आधी वाटलं, उलटा जोडलास म्हणून नंतर फेल्ट लावलंस. पण तसं नाही. फेल्टच्या कडेवर पिवळा रंग चढलाय. म्हणजे ते शेवटच्या हाताच्या आधी लागलंय, तुझ्या घरी, माझा खांब तू पाहायच्याही आधी. तू सुरुवातीपासून पायच करत होतीस. डोकं करायची पाळी तुझी असताना तू पाय का केलेस?

आता उलटा-सुलटा राहू दे बाजूला. मला एवढं एकच सांग. हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पाचर


१५ एप्रिल

ठिणगे, अगं ठिणगे,

तुझं कार्ड आलं. चाळीस वर्षांनी लिहायला बसलीस आणि दोन ओळी लिहिल्यास: "पाय करायची पाळी माझीच होती. बदक आपण जोडलंच कुठे होतं?"

मी चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं. मग भाजी चिरायची सोडून बोटांवर आपले दिवे मोजत बसले. उंट: पाय तुझे, डोकं माझं. पोस्टमन: पाय माझे, डोकं तुझं. बदक: पाय तुझे, डोकं माझं. म्हणून आत्याबाईला पाय माझे. सरळ आहे की नाही?

आणि तुझं गणित: कडं एकच उरलं होतं, शोरूमची घाई होती, म्हणून बदकाला बाजूला ठेवून ते कडं आत्याबाईला दिलं. बदक जोडलं नाही, तर ती पाळी झालीच नाही. म्हणून आत्याबाईला पाय तुझेच. हेही सरळ आहे.

मी बदक धरलं, तू सोडलंस. आणि दोघींनी पाय केले. त्या दिव्याला डोकं नाहीच आहे, ठिणगे. दोन्हीकडून पाय. म्हणून तर ती इतकी वर्षं डोक्यावर उभी राहिली आणि पडली नाही.

मी हसत सुटले. लेक स्वयंपाकघरात आली तर मी ओट्याला टेकून रडत होते, तिला वाटलं मला काही झालंय. तिला म्हटलं, "अगं, ती मला वर बसवत होती." तिला काही कळलं नाही, तिनं मला स्टुलावर बसवलं आणि गॅस बंद केला.

तू खाली राहिलीस आणि माझ्या खांबाला वर मान दिलास. मी खाली राहून तुला वर मान देत होते. आणि त्यावरून मी तुला खाटेवरून बोलले. पण तू तरी तोंड उघडायचंस की. नुसतं "बदक" एवढा शब्द बोलली असतीस तरी आपलं सगळं आयुष्य एका गावात गेलं असतं. बाई गं, काय हा करंटेपणा. मी माफी मागणार नाही, तूही मागू नकोस. मागायची तर बदकानं मागावी.

आता खरी गोष्ट ऐक. मी कोटवाल्याला जाऊन सगळं सांगितलं. तो आधी खो खो हसला, मग म्हणाला, "म्हणजे हा सुलटाही तितकाच खरा आहे." मी म्हटलं, हो. तर म्हणतो, "तो सुलटा उभा राहील का, आणि लागला तर कसा दिसेल, हे कुणी पाहिलंय?"

कुणीच नाही. तूही नाही, मीही नाही.

त्यानं अट घातलीय. उद्घाटनाला दोघींनी यायचं आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं दिवा फिरवायचा. नीट उभा राहिला आणि त्याचं मन मानलं, तर पाटीवर आपलं म्हणणं लागेल. लटपटला, तर पुन्हा उलटा, आणि पुढे कुणी तो विषय काढायचा नाही. मी हो म्हणून बसलेय. कड्याला दोन्ही बाजूंनी धरून एकदम फिरवावं लागतं, तुला माहीतच आहे. एकटीच्या हातचं काम नाही ते.

तेव्हा ये. गुडघे दुखतात, हवा सोसत नाही, मांजर आहे, असलं काही सांगू नकोस. तिकीट लेक काढतेय. ती म्हणते, "माझ्या जन्माच्या वेळी तुमचं बिनसलं, निदान आता तरी मला मोकळं करा."

आणि पत्त्याचं सांगून टाकते. तो कुणाकडून मिळवला नाही. तू घर बदललंस की कुणी ना कुणी सांगायचं आणि मी वहीत जुना खोडून नवा लिहायची. तू फार घरं बदललीस गं. त्या पानावर आता जागा राहिली नाही.

ये.

पाचर


३ मे, दुपार

ठिणगे,

तू आतल्या खोलीत घोरते आहेस आणि मी बाहेर तुला पत्र लिहितेय. सवय लागली, काय करणार. समोरासमोर मला तुझ्याशी नीट बोलता येत नाही, तू मधेच हसतेस. हे कपाखाली ठेवीन, उठलीस की वाच.

परवा विमानतळावर तू मला पहिलं वाक्य काय म्हणालीस आठवतंय ना? "म्हातारी दिसतेस." मी म्हटलं, "तू कोण सोळा वर्षांची लागून गेलीस?" झालं, तेवढ्यावर आपलं मिटलं. लेकीला वाटलं होतं की गळ्यात पडू, ती रुमाल काढून उभी होती.

कालचं मात्र मला कागदावर हवंय, नाहीतर दोन वर्षांनी तू तिखटमीठ लावून भलतंच सांगशील.

दालन गच्च भरलं होतं. आजूबाजूला बाकीचे दिवे, तो निऑनची वीज लावलेला, तो सापशिडीसारखा गुलाबी, तो बुटाच्या आकाराचा, सगळे आपापल्या तोऱ्यात. आणि मधे चौथऱ्यावर आत्याबाई, बंद. चष्मेवालीनं आपल्याला हातमोजे दिले. मी कड्याला लवकर हात घातला. तू म्हणालीस, "हळू. तुझ्या बाजूनं आधी." तोच आवाज. कारखान्यात ऐकायचे तोच. मला क्षणभर दिसेनासं झालं.

फिरवली. माझे तीन गोळे पहिल्यांदा जमिनीला लागले. आपण हात सोडले आणि ती लटपटली. कोटवाल्याचा हात पुढे आला. तू खाली वाकलीस, गाल चौथऱ्याला टेकवून बघितलंस आणि म्हणालीस, "एक गोळा जास्तच घासलायस, आण." काय आण ते सांगायला लागलं नाही. माझ्या पर्समध्ये लाकडाची पाचर असतेच, उगाच नाही आत्यानं मला ते नाव ठेवलं. सरकवली. ती थांबली. कमरेवर हात ठेवून तुझी-माझी आत्याबाई पायांवर उभी राहिली.

मग त्यांनी दालनातले दिवे मालवले आणि तू बटण दाबलंस.

मी तुझा शंकू कधी बघितलाच नव्हता गं. खाली टेकलेला असला की तुझी भोकं जमिनीवर नुसते पिवळे डाग पाडायची, लोक त्यालाच थट्टा म्हणायचे. वर गेला आणि सगळं दालन भरलं. छतावर, भिंतींवर, लोकांच्या कपाळांवर, कोटवाल्याच्या टकलावर, सगळीकडे पिवळे ठिपके. एक बाई तळहात पुढे करून हातावरचे ठिपके बघत उभी राहिली. खालून माझ्या खांबाच्या फटींतून तीन पांढऱ्या रेघा निघून पार दारापर्यंत गेल्या. हे ना तू ठरवलं होतंस, ना मी. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माझी लेक सगळ्यांत मोठ्यानं.

तू माझं मनगट धरलं होतंस. वळ उठलाय, आत्ता बघितला. राहू दे.

कोटवाला किती तरी वेळ मान वर करून उभा होता. शेवटी म्हणाला, "मी एक दिवा घेतला होता, हे दोन निघाले." त्यानंतर त्यानं जे सुचवलं ते तू ऐकलंस, पण पुन्हा लिहिते, कारण मला ते लिहायचंच आहे. पाटीवर आपली दोघींची नावं, एकाच मापाच्या अक्षरांत, शोरूमचं नाव खाली बारीक. आणि त्याखाली: हा दिवा दर महिन्याला उलटवला जाईल. एक महिना तू पाय, एक महिना मी. पाळीपाळीनं.

बायकांनी, पोरींनी येऊन आपल्याला विचारलं, कसं सुचलं. तू बिनदिक्कत सांगितलंस, "मोजायला चुकलो." सगळे हसले. मी इतकी सुखात कधी होते ते मला आठवत नाही. लेक झाली तेव्हाही मनात एक खडा होता, तो काल निघाला.

चष्मेवालीनं विचारलं, पहिला महिना कुणाचा, तर तू म्हणालीस, "माझा," आणि मीही म्हटलं, "माझा." त्याचा निकाल अजून लागायचाय. बदक मोजायचं की नाही त्यावर ते ठरेल, आणि मी मोजणार आहे, आधीच सांगते.

आता शेवटचं. तुझी ती निळी बॅग तू कुणाला उचलू दिली नाहीस. विमानतळावर लेकीच्या हातावर चापट मारलीस. मी तुझ्या सामानाला हात लावलेला नाही, शपथ. पण तू घाईत चेन नीट लावली नाहीस, आणि मघाशी तुझ्या अंगावर पांघरूण घालायला आत आले तेव्हा त्या फटीतून एक नारिंगी पंजा बाहेर आलेला दिसला. पत्र्याचा, तीन बोटांचा, हिरवं फेल्ट लावलेला.

किती घरं बदललीस, आणि ते पाय प्रत्येक घरी नेलेस?

चोच माझ्याकडे आहे. माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून. लेकीनं दोनदा टाकायला काढली होती, दोनदा मी ओरडले.

तेव्हा चहा घे आणि तोंड धू. बाजार पाचला उघडतो. आपल्याला कमरेचं एक कडं आणायचंय.

पाचर